इन्स्पेक्टरबाईंनी न घेतलेली शाल

मोहनकाका कर्णिक गेले हे मला शाळेच्या हेडटीचर बेथनकडून कळलं, आणि पहिली काही वाक्यं मी शाळा गरम ठेवणाऱ्या बॉयलरबद्दलच बोलत होते. सकाळी शाळा उघडायच्या आत बेथनचा फोन आला की तो बॉयलरचाच असतो, असा गेल्या काही हिवाळ्यांचा अनुभव. त्यामुळे तिनं "शुभदा, वाईट बातमी आहे," म्हटल्याबरोबर मी "पुन्हा? आता पंप की थर्मोस्टॅट?" असं विचारून मोकळी झाले. ती म्हणाली, "मोहन गेले. झोपेतच." माझ्या हातात लेकीचा डबा होता. तो भरला, तिला शाळेत सोडलं आणि तशीच नलूकाकींकडे गेले. काकी दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलीस. गुरुवारच्या मीटिंगचं काय करायचं ते बघ. हे असते तर त्यांनी पहिलं तेच विचारलं असतं."

अंत्यविधीला इथं इंग्लंडमध्ये वेळ नेमून दिलेली असते. अर्ध्या तासाचा स्लॉट, बाहेर पुढचं कुटुंब काळ्या कोटांत उभं. काकांचा मुलगा निखिल साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. जन्म इथला, मराठी घरापुरतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाबाला माझा शाळा खूप आवडला. मला एवढा नव्हता आवडला." लोक हसले, तोही हसला आणि खाली बसला. तेवढ्यात दारातल्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, नशीब, स्वतः काका बोलायला उभे नाहीत. पुढच्या तीन कुटुंबांना ताटकळत बसावं लागलं असतं.

मी काही हळवं लिहिणार नाही. काकांना हळवेपणाचं वावडं नव्हतं, मला आहे. पण गेल्या आठवड्यात एक गोष्ट घडली, ती सांगायची तर काका कोण आणि ही शाळा कसली हे आधी सांगायला हवं.

दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनहून ट्रामनं थोडं पुढं गेलं की वळणावर आमची प्राथमिक शाळा आहे. सरकारी, बिनफीची, प्रत्येक इयत्तेचा एकच वर्ग. अशा प्रत्येक शाळेला इथं एक गव्हर्निंग बॉडी असते. त्यात काही पालक, एखादी शिक्षिका, परिसरातले दोनचार उत्साही लोक; या सगळ्यांना गव्हर्नर म्हणतात. पगार नाही, भत्ता नाही. शाळेचा पैसा कुठं जातो, मुलं नीट शिकतात का, हे बघायचं आणि हेडटीचरला जाब विचारायचा. मी त्यात गेले तेव्हा पुण्यात आईनं सोसायटीभर पेढे वाटले. लेक गव्हर्नर झाली! मग हळूच फोनवर विचारलं, "बंगला देतात का गं?" मी तिला मीटिंगचा फोटो पाठवला. मीटिंग पहिलीच्या वर्गात भरते आणि खुर्च्या पहिलीतल्या मुलांच्या मापाच्या असतात. फोटोत आम्ही सगळे हनुवटीपर्यंत गुडघे घेऊन बसलो होतो. आईनं पुन्हा बंगल्याचा विषय काढला नाही.

काका या बॉडीचे अध्यक्ष. निखिल पहिलीत असताना पालक-प्रतिनिधीची निवडणूक निघाली, दुसरं कोणीच उभं राहिलं नाही, म्हणून काका निवडून आले. निखिल यथावकाश शाळेतून बाहेर पडला, कॉलेजात गेला, डॉक्टर झाला, त्याचं लग्न झालं. काका मात्र शाळेतच राहिले. रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. "ते शाळेत गेले नसते तर माझं डोकं फिरलं असतं," असं काकी सगळ्यांसमोर सांगत आणि काका त्यावर अभिमानानं मान डोलवत.

मला त्यांनी शाळेच्या फाटकाशी गाठलं. माझी लेक तेव्हा रिसेप्शनच्या वर्गात, म्हणजे आपल्या बालवाडीत, नुकतीच जायला लागली होती. एक उंच, वाकलेला, सायकलवाल्यांचं चमकतं पिवळं जाकीट घातलेला म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला.

"पुण्याची ना तू? काय करतेस?"

"बँकेत आहे. रिस्कमध्ये."

"मग आमच्याकडे ये. आमच्याकडे रिस्कच रिस्क आहे. वर्षातून तीन मीटिंगा, फक्त चहाला यायचं."

तीन मीटिंगा हे खोटं होतं. चहा खरा होता, पण तोही काका स्वतः थर्मासमधून आणत, कारण शाळेचा चहा त्यांना पाण्याचा अपमान वाटे.

काकांनी उभं आयुष्य इथल्या मराठी मंडळाचं चिटणीसपद सांभाळलं होतं आणि सभा चालवण्याची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. मागच्या इतिवृत्ताला मंजुरी द्यायची असली की ते चष्म्यावरून बघत सूचक कोण, अनुमोदक कोण ते विचारत आणि नावं लिहिल्याशिवाय पुढं जात नसत. नव्या इंग्लिश सभासदांना वाटे, हा काही तरी प्राचीन ब्रिटिश कायदा असावा. ते घाबरून हात वर करत. हेडटीचर बेथन वेल्सची. तिला ते पहिल्या दिवसापासून "बेथनबाई" म्हणत. तिला ते लाडाचं नाव वाटलं आणि पुढं कधी मी नुसतं बेथन म्हटलं तर ती विचारायची, "रागावलीयस का?"

हेडटीचरला जाब विचारणं हे गव्हर्नरांचं मुख्य काम. तपासणीला येणारे इन्स्पेक्टर तेच बघतात. काकांची त्याचीही स्वतंत्र रीत होती. ते आदल्या दिवशी फोन करत.

"बेथनबाई, उद्या सहाच्या सुमाराला मी तुम्हाला वाचनाच्या निकालांवरून धारेवर धरणार आहे. चालेल ना?"

"सहाला चालेल, मोहन. गणितावरून नको, गणिताची बाई रजेवर आहे."

"बरं. गणित पुढच्या खेपेला."

हे मला कळलं तेव्हा मी काकांना सरळ म्हटलं, "काका, ही नुसती धूळफेक आहे. आधी सांगून जाब कसला विचारता?"

"अगं, चारचौघांत माणसाला अचानक पकडलं की तो उत्तर देत नाही, बचाव करतो. आदल्या दिवशी सांगितलं की घरी जाऊन विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी खरं बोलतो. मंडळात खजिनदारांना मी असंच विचारायचो."

मला पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बेथन आली आणि कुठल्या वर्गात वाचन का मागं पडलंय, कुठली शिक्षिका एकटी पडलीय, तिला कुणाची मदत लागेल, सगळं शांतपणे सांगून गेली. माझ्या बँकेत एवढं खरं कुणी कधी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

मला असह्य व्हायचं ते शेवटचं आभारप्रदर्शन. इथल्या मीटिंगा संपल्या की लोक कोट उचलतात आणि जातात. काकांच्या मीटिंगा आभार मानल्याशिवाय संपत नसत. हेडटीचरचे आभार, शिक्षकांचे आभार, सोबत थांबलेल्या केअरटेकरचे, ज्यांनी मीटिंगला येऊन शोभा वाढवली त्यांचे आणि अपरिहार्य कारणानं येऊ शकले नाहीत त्यांचेही. एकदा त्यांनी ऐन वेळी चालू झाल्याबद्दल प्रोजेक्टरचे आभार मानले. त्यांचा घसा खाकरण्याचा आवाज आला की मी उठून म्हणायची, "माझी ट्राम चुकेल." माझी गाडी खिडकीबाहेर उभी असे. सगळ्यांना ती दिसे. कुणी कधी काही बोललं नाही. फक्त काका "जा, जा, सांभाळून जा," म्हणत आणि मग माझ्या अनुपस्थितीतल्या उपस्थितीबद्दल माझेही आभार मानत, असं बेथन सांगायची.

आता पैशाचं. इथं शाळेला मुलांच्या डोक्यांवर पैसे मिळतात. जेवढी मुलं पटावर, तेवढा निधी. आमच्या भागात घरभाडी एवढी वाढली की लहान मुलांची कुटुंबं एकेक करून लांब निघाली आणि जी राहिली त्यांना मुलं कमी. तीस खुर्च्यांच्या वर्गात पंधराही भरेनात. गंमत अशी की वर्गात मुलं तीस असोत की चौदा, शिक्षिका एकच लागते, दिवे तेवढेच जळतात आणि बॉयलरला तर मुलं मोजताच येत नाहीत. आम्ही काटकसर सुरू केली. शाळा सुटली की हीटिंग बंद, म्हणून आमच्या मीटिंगा कोट घालून. वाद्यांचा तास बंद. बेथन स्वतः दुपारी जेवणाच्या हॉलवर लक्ष ठेवायला उभी राहू लागली. शेवटी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं... परिसरात शाळांमध्ये जागा जास्त आणि मुलं कमी झालीत, तेव्हा आमची शाळा बंद करावी का, याचा विचार सुरू आहे, लोकांनी मतं कळवावीत.

पत्र वाचून काका बराच वेळ बोलले नाहीत, आणि हे इतकं नवीन होतं की बेथननं त्यांना पाणी आणून दिलं. मग म्हणाले, "पण मग गणपती कुठं बसवायचा?"

मंडळाचा गणपती गेली कित्येक वर्षं शाळेच्या हॉलमध्ये बसतो. मी म्हटलं, "काका, मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे आणि तुम्ही हॉलचं काय घेऊन बसलात?" ते म्हणाले, "हॉल असला तर शाळा असणार ना." यातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे मला आजही नक्की सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून त्या माणसाला दुसरा विषय राहिला नाही.

पहिला उपाय त्यांनी केला तो मुलं आणण्याचा. संक्रांत जवळ आली होती. नोकरीच्या व्हिसावर नव्यानं आलेली पुण्या-नागपूरची बरीच कुटुंबं ट्रामच्या रस्त्यावरल्या फ्लॅटांत राहतात. काकांनी काकींना हळदीकुंकू करायला लावलं आणि वाण म्हणून शाळेच्या नावाच्या, कपाटात पडून राहिलेल्या पाण्याच्या बाटल्या लुटल्या. काकी अजून त्याबद्दल बोलतात. "चाळीस वर्षांच्या संसारात मी कधी प्लॅस्टिक लुटलं नव्हतं. बायका बाटली हातात घेऊन माझ्या तोंडाकडे बघतायत आणि हे पलीकडच्या खोलीतून ओरडतायत, झाकण फिरवून बघा, गळत नाही!" बाटल्यांच्या जोरावर दोन मुलं दाखल झाली. त्यातल्या एकाच्या वडिलांचं काम उन्हाळ्यात मँचेस्टरला हललं, तो बाटलीसकट गेला.

आणि मग तपासणी आली. ती फार आधी सांगून येत नाही. आदल्या दिवशी फोन येतो, दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर दारात. ही तपासणी बिघडली असती तर कौन्सिलला आणखी काही कारण शोधायची गरजच उरली नसती. बेथन फिकुटली होती. मी आदल्या संध्याकाळी काकांना बजावलं, "नेमकं विचारलं तेवढंच सांगायचं. मंडळ काढायचं नाही. गणपती काढायचा नाही."

"नाही काढणार."

"आभार नाहीत."

यावर ते नुसते "बघू" म्हणाले. मी तिथंच सावध व्हायला हवं होतं.

इन्स्पेक्टर होत्या मिसेस हॉल. सडपातळ, करड्या केसांच्या, लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याही त्याच छोट्या खुर्चीवर. त्यांनी विचारलं, हेडटीचरला तुम्ही जबाबदार कसं धरता? काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवतो. बाईंची बोटं कीबोर्डवर थांबली. मी काकांच्या पायाला पाय मारायला गेले, तर त्या खुर्च्यांच्या उंचीमुळे माझा गुडघाच टेबलावर आपटला. बाई म्हणाल्या, "आधी सांगता?" काका म्हणाले, "हो. आणि मग त्या काय म्हणाल्या ते विचारा ना त्यांना." बाईंनी बेथनला विचारलं. बेथननं वाचनाचं सगळं सांगितलं, काय बिघडलं होतं, काय केलं, काय अजून जमलेलं नाही. बाई बराच वेळ टाइप करत राहिल्या. कशाबद्दल ते कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची बैठक. बाईंनी आपले निष्कर्ष तोंडी सांगितले, अहवाल येईपर्यंत ते गुप्त ठेवायचे हेही सांगितलं आणि त्या लॅपटॉप मिटू लागल्या. काकांनी घसा खाकरला. मी सवयीनं उठले, पण दार बाईंच्या मागं होतं. तेवढ्यात काकांनी खुर्चीखालून कापडी पिशवी काढली. तिच्यातून आली शाल. गुलबक्षी, जरीच्या काठाची. तिच्या मागोमाग नारळ.

नारळाबद्दल सांगायला हवं. इथल्या सुपरमार्केटात नारळ मिळतो, पण त्याची शेंडी काढलेली असते. गुळगुळीत, कधी वर प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा. काका त्याला नारळ मानत नसत. "हा काय सत्कार? हा तर मुंडन झालेला पाहुणा," म्हणत. म्हणून ते तपासणीच्या पहिल्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे घामाघूम झालेलो असताना, दोन बस बदलून टूटिंगच्या देशी बाजारात गेले होते आणि शेंडीचा नारळ घेऊन आले होते.

"मिस्टर कर्णिक," मिसेस हॉल म्हणाल्या, "मला काहीही स्वीकारता येत नाही."

"तुम्ही स्वीकारायचं नसतंच," काका म्हणाले. "आम्ही घालायची असते." आणि त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर घातली.

बेथननं डोळे मिटले. सरकारी तपासनिसाला अध्यक्षांनी भेटवस्तू दिली, ह्या वाक्याचं बातमीत काय होईल हे मला दिसत होतं. वर्ग गारठलेला होता, हीटिंग केव्हाच बंद झालेलं. मिसेस हॉल शाल पांघरून बसल्या होत्या... आणि मी शपथेवर सांगते, नियमानं काढायला हवी होती त्यापेक्षा त्यांनी ती थोडी जास्तच वेळ ठेवली. मग उतरवली, नीट घडी केली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "याची मला नोंद करावी लागेल." काका म्हणाले, "अवश्य. शालजोडी नव्हे, एकेरी शाल, असं लिहा."

त्या गेल्यावर मी काकांवर इतकी भडकले की मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून परत मराठीत आले. "शाळा बंद करायला कौन्सिलला निमित्त हवंय आणि तुम्ही त्यांच्या हातात नारळ देताय!" काका गोंधळून म्हणाले, "पण पाहुणे दोन दिवस येऊन बसले, आपल्या मुलांचं वाचन ऐकलं... तसंच कसं पाठवायचं?" त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मंडळात आलेला एकही पाहुणा गेल्या कित्येक वर्षांत तसाच गेला नव्हता.

बेथननं शाळेच्या भेटवस्तूंच्या नोंदीत लिहिलं, एक शाल, एक नारळ, देऊ केले, नाकारले. आता ते कुणाचे? बाईंनी घेतले नाहीत आणि एकदा पांघरलेली शाल घरी परत नेणं काकांना मंजूर नव्हतं. नारळ रिसेप्शनच्या मुलांच्या 'हात लावून बघा' टेबलावर गेला, तिथं मुलांनी त्याचे तीन डोळे शोधून काढले आणि त्याचे केस विंचरले. शाल पहिलीच्या वर्गातल्या खिडकीजवळच्या छोट्या खुर्चीच्या पाठीवर पडली आणि तिथंच राहिली. त्या खिडकीतून वारा येतो. मीटिंगला जो तिथं बसेल तो ती पांघरतो. एकदा कौन्सिलचा माणूस आला होता, तोही जाताना ती काढायला विसरला, त्याला फाटकातून परत बोलवावं लागलं.

अहवाल आला तो चांगला होता. नारळाचा त्यात उल्लेख नव्हता. गव्हर्नरांना शाळेची खरी स्थिती नीट माहीत आहे, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. काकांनी ते मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं आणि म्हणाले, "बघ." मी म्हटलं, "ते फोनबद्दल आहे, शालीबद्दल नाही." ते म्हणाले, "शाल गरम होती, शुभदा."

पण चांगल्या अहवालानं मुलं वाढत नाहीत. मी हिशेब मांडला. शाळा टिकवायची तर एकच मार्ग दिसत होता, दोन-दोन इयत्तांचे वर्ग एकत्र करायचे. पहिली-दुसरी एका वर्गात, तिसरी-चौथी एका वर्गात, पाचवी-सहावी एका वर्गात. खर्च बसतो, कौन्सिलसमोर ठेवायला योजना होते. माझी ही मांडणी व्हायच्या आदल्या दिवशी मला फोन आला.

"शुभदा, उद्या मी तुझ्या आकड्यांना विरोध करणार आहे. चालेल ना?"

"नाही चालणार. आजच करा. घरी या."

आले. थर्मास घेऊन आले. वर्ग जोडले की शाळा आटली असं लोकांना दिसेल, आहेत ती मुलंही जातील, आणखी एक हळदीकुंकू करू, बाटल्या संपल्या तर डबे आहेत... मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "काका, मुलं नाहीयेत. तुम्ही काहीही लुटलंत तरी नाहीयेत. सहा रिकाम्या वर्गांची शाळा बंद होते. तीन भरलेल्या वर्गांची कदाचित नाही होणार." ते कपात बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी शाळा वाढताना किंवा निदान तशीच राहताना पाहिली होती. ती लहान करायला हात वर करणं त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं, पण मी आकडे मागं घेतले नाहीत. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "बरं. मग पालकांना मी सांगतो. तू सांगितलंस तर ते तुला फाडून खातील. मला म्हातारा म्हणून सोडतील."

पालकसभेत हॉल भरला. एरवी वार्षिक सभेला दोघं येतात. आमच्या लोकांचा आवाज सर्वांत मोठा. नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला उठला. "काका, माझा मुलगा पहिलीत असून दुसरीचं करतो. तो दुसरीत गेल्यावर पहिलीच्या पोरांबरोबर बसून काय करणार?"

"त्याला दोनदा पहिलं येता येईल," काका म्हणाले. "यंदा हुशार म्हणून, पुढच्या वर्षी अनुभवी म्हणून."

तो माणूस विचार करत खाली बसला. त्याच्या बायकोनं त्याला काही तरी विचारलं, त्यानं मान डोलावली. सगळ्यांचं असं झालं नाही. काही चिडून गेले, दोघांनी मुलं काढलीदेखील. पण बाकीचे राहिले, आणि योजना कौन्सिलकडे गेली.

निकाल लागायच्या आधी काकांचं हृदय कुरकुरायला लागलं. मी शेवटचं भेटले तेव्हा घरी बाहेरच्या खोलीतच त्यांचा पलंग टाकला होता. मला म्हणाले, "कौन्सिलच्या शिक्षणखात्याच्या बाईंना मी फोन केला होता. म्हटलं, सभेत आम्ही तुम्हाला तीन प्रश्न विचारणार आहोत, ते आत्ताच सांगून ठेवतो." मी कपाळावर हात मारला. ते म्हणाले, "त्या म्हणाल्या, थँक्यू, मला हे आधी कुणी कधी सांगत नाही. आकडे पुन्हा बघते म्हणाल्या." मग जरा दम खाऊन... "आता मीटिंग तूच घेत जा. पण आभार राहू देऊ नकोस. तू नेहमी पळतेस."

"माझी ट्राम असते, काका."

"तू गाडीनं येतेस," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले.

गेल्या आठवड्यात कौन्सिलची बैठक झाली. ती ऑनलाइन दाखवतात. बेथन, मी आणि बाकीचे गव्हर्नर पहिलीच्या वर्गात प्रोजेक्टर लावून फळ्यावर ती बघत बसलो. खिडकीजवळची खुर्ची कुणी घेईना, म्हणून मी घेतली, शाल पांघरली. आधी कचऱ्याच्या डब्यांवर प्रदीर्घ चर्चा झाली. मग आमचा विषय. शिक्षणखात्याच्या बाई बोलल्या, आकडे त्यांच्या जिभेवर होते. काही मिनिटांत संपलं. शाळा बंद करण्याचा प्रस्ताव मागं घेतला, जोडवर्गांची योजना मान्य, काही वर्षांनी पुन्हा आढावा. आणि लगेच पुढचा विषय, पार्किंग.

आमच्याकडे कुणी ओरडलं नाही. बेथननं आवाज बंद केला आणि टेबलाखालून पिशवी काढली. तिच्यात नारळ होता. शेंडीचा. ती शनिवारी टूटिंगला जाऊन घेऊन आली होती.

"आणि निकाल उलटा लागला असता तर?" मी विचारलं.

"तरी आभार मानावेच लागले असते," बेथनबाई म्हणाल्या आणि नारळ माझ्या हातात दिला. सगळे माझ्याकडे बघत होते. खिडकीबाहेर माझी गाडी उभी होती, दिव्याखाली, सगळ्यांना दिसेल अशी.

मी उभी राहिले. कौन्सिलच्या बाईंचे आभार मानले, शिक्षकांचे मानले, राहिलेल्या पालकांचे आणि गेलेल्या पालकांचेही. केअरटेकरचे मानले. मिसेस हॉल यांचे मानले, ज्यांनी शाल घेतली नाही म्हणून ती आम्हाला मिळाली. बॉयलरचे मानायला मात्र मी नकार दिला. अपरिहार्य कारणानं जे येऊ शकले नाहीत, त्यांचेही मानले आणि बसले. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. काकांनी निदान वीस घेतली असती.

गाडीत बसून काकींना फोन लावला. शाळा राहिली म्हणून सांगितलं.  पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग त्यांनी विचारलं, "आभार मानले का कुणी?"

"मी मानले."

"तू?" काकी म्हणाल्या. "ट्राम चुकली वाटतं आज."